मोठ्या मुळावरची मुलगी

माझं लग्न एका संख्येमुळे मोडता मोडता राहिलं. संख्या अशी: दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आजही मला कोणी गाढ झोपेतून उठवून विचारलं तर ती घडाघडा म्हणून दाखवीन. नातवंडांचे वाढदिवस मात्र विचारू नका.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कॉलेजातून इंग्रजी जाऊन हिंदी आणि मराठी येत होती, त्यामुळे शिकवण्याचा सगळा मामला खिचडीचा होता. आमचे गणिताचे सर स्वतः इंग्रजीत शिकलेले, पण हट्टाने मराठीतून शिकवायचे. एखादा शब्द अडला की खडू हवेत धरून उभे राहायचे. आम्ही वाट बघायचो. शब्द सापडला की तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली रेघ मारायचे. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही, अशा संख्येला शेजारच्या वर्गातले हिंदीवाले ‘रूढ़ संख्या’ म्हणत. आमच्या सरांनी त्या दिवशी खडू बराच वेळ हवेत धरला आणि मग लिहिलं, ‘मूळ संख्या’. आम्ही निमूटपणे उतरवून घेतलं. मी हिंदीच्या वर्गात असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वर्गात आम्ही दोघी मुली. दुसरी गप्प बसायची, मी बसायची नाही. सर एकदा सांगत होते, की दोनाला दोनाने गुणत जायचं आणि शेवटी त्यातून एक काढून टाकायचा, की कधी कधी मूळ संख्या हाती येते. दोन दोन मांडले तर चार, एक काढला की तीन. तीन वेळा मांडले तर आठातून सात. पाच वेळा मांडले की एकतीस, सात वेळा मांडले की एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ. मी लगेच उभी राहिले आणि जाहीर केलं की दोन जितक्या वेळा मांडायचे तो आकडा मूळ असला की उत्तरही मूळ येणार. सर म्हणाले, छान, आता अकरा घे. मी गुणाकार केला, दोन हजार सत्तेचाळीस आले. सर म्हणाले, याला तेविसाने भागून बघ. भाग गेला, बिनबोभाट, एकोणनव्वद वेळा. वर्ग हसला आणि मी खाली बसले.

हरले की मला जेवण गोड लागत नाही, हा माझा जुना स्वभाव. सरांनी तो ओळखला असावा. आमच्या गणित मंडळाची वार्षिक सभा जवळ आली होती आणि त्यांना कोणाकडून तरी मराठीत भाषण करवून घ्यायचं होतं. त्यांनी मला सांगितलं, ‘‘एकतीस वेळा मांड आणि त्यातून एक काढ. जे येईल त्याचं काय ते तू सभेत सांग.’’ जे आलं ते वर दिलंच आहे. ही संख्या मूळ आहे हे युरोपात दोनेकशे वर्षांपूर्वीच एकाने हाताने तपासून दाखवलं होतं, आणि अमेरिकेत तर आता यंत्रांनी याहून कितीतरी लांबलचक मूळ संख्या शोधल्या होत्या. पण सरांचं म्हणणं असं, की दुसऱ्याने तपासलेलं आपण नुसतं मानतो. ते आपल्याला ठाऊक असतं असं नाही.

आता एवढ्या अगडबंब संख्येला कशानेच भाग जात नाही हे दाखवायचं कसं? एक सोय अशी, की भागणारी एखादी संख्या असलीच तर ती आणि तिची जोडीदार यांपैकी एक तरी सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या आत सापडायलाच हवी, म्हणून त्याच्या पुढे जायचं कारण नाही. तरी त्याच्या आतल्या मूळ संख्याच चार हजारांवर. मी हबकले. मग सरांनी मला या संख्येचा स्वभाव सांगितला. स्वभाव हाच शब्द त्यांनी वापरला. हिला भाग जाणार असेल तर तो ऐऱ्यागैऱ्याने जाणार नाही. भागणारी मूळ संख्या बासष्टाच्या पाढ्यातल्या कोणत्या तरी आकड्याहून बरोबर एकाने मोठी असायला हवी. शिवाय तिला आठाने भागलं तर बाकी एक किंवा सात, एवढीच उरायला हवी. म्हणजे तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांना दारातूनच परत पाठवायचं. पहिला खरा उमेदवार तीनशे अकरा. त्यानंतर थेट तेराशे तीन. चार हजारांतून शंभराच्या आत उरले! तो दिवस मला अजून आठवतो. सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आले, कारण चालवायला लागले असते तर कोणाच्या तरी अंगावर घातली असती. एवढा आनंद मला तोवर कशाने झाला नव्हता.

घर आमचं सक्करदऱ्याच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत. वडील प्राथमिक शाळेत मास्तर झाले होते, पण काका मागावरच होते. गल्लीत ताण्याचे धागे लांबवर पसरलेले असायचे आणि त्यांच्या कडेला ओट्यावर पाटी घेऊन माझे भागाकार चालायचे. काका येता-जाता विचारायचे, झालं का, कोणाचा भाग गेला का? मी म्हणायची, नाही गेला. ते खूश व्हायचे. त्यांना ‘मूळ’ हा शब्द भलताच आवडला होता. त्यात काहीतरी वजनदार आहे असं त्यांना वाटायचं. मी त्यांना हेही सांगितलं, की हिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार होते. सहाला एक, दोन आणि तीन भागतात, आणि त्यांची बेरीज पुन्हा सहाच येते, तशी. काका म्हणाले, मग ती संख्या आमच्या व्यापाऱ्याला नेऊन दाखव, कारण त्याच्या मोजणीत आमचं कापड नेहमी कमीच भरते.

आणि गल्लीत भेटेल त्याला काका सांगत सुटले, की आमची पोरगी सध्या मोठ्या मुळावर बसून राहिली.

त्याच दिवसांत कन्हानचं स्थळ आलं. मुलगा तिकडच्या कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायचा. त्याचे वडील मूळचे उमरेडचे, लुगडी विणणारे. मुलाच्या नोकरीपायी आता कन्हानलाच राहत होते. आई वारलेली. घरात अजून दोन धाकट्या बहिणी, फ्रॉक घालणाऱ्या. मला तोवर दोन ठिकाणचे लोक बघून गेले होते आणि दोन्ही वेळा मी आतून ‘नको’ म्हणून मोकळी झाले होते, कारण मला एम. ए. करायचं होतं आणि त्या दोन्ही घरांना सून पोळ्यांपुरती हवी होती. कन्हानच्या मुलाने मला विचारलं, काय करता? मी मोठ्या संख्येचं सांगितलं. त्याने विचारलं, तिचा उपयोग काय? मी म्हटलं, काहीच नाही. तो मोकळेपणाने हसला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, की कन्हानहून नागपूरला सकाळची पॅसेंजर असते, कॉलेज गाठता येईल. मी आत आले. आईने विचारलं, मग? मी काही बोलले नाही. मी बोलत नाही म्हणजे काय, हे आईला बरोबर कळलं. हे स्थळ मला हवं होतं. तो मुलगा हवा होता, आणि त्याच्या त्या पॅसेंजरसकट हवा होता.

वडील टांग्याचं बघायला बाहेर गेले आणि ओसरीवर काका आणि मुलाचे वडील दोघेच उरले. मुलगा गल्लीतला ताणा बघत उभा होता. पुढचं बोलणं काकांनीच आम्हाला नंतर छाती फुगवून सांगितलं.

पाहुण्यांनी विचारलं, पोरगी सध्या काय करते म्हणाले?

‘‘मोठ्या मुळावर हाये ना गा ते,’’ काका म्हणाले.

पाहुण्यांचा कप तिथेच थांबला. ‘‘मुळावर? मग शांती केली का?’’

काकांना वाटलं, घरात शांतता असते का, असं विचारून राहिले. ते म्हणाले, ‘‘शांती कुठची. सकाळपासून तेच चालू राहते.’’

‘‘कशानंच फरक नाही पडत?’’

‘‘कशानंच नाही. तिचे सर एवढे विद्वान, त्याहीनंबी सांगतलं, भाग काही जात नाही म्हणून.’’

पाहुण्यांनी ‘भाग’ ऐकलं की ‘भोग’, देव जाणे. चहा तसाच ठेवून ते उठले. काकांना वाटलं, माणूस चाट पडला. चाट तर तो पडलाच होता.

आठवडा गेला तरी निरोप नाही. मग मध्यस्थी करणाऱ्या आत्याबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, मुलगी मुळावरची आहे हे मला आधी काहून नाही सांगितलं? मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या जिवावर उठते, असं तेव्हा घरोघर मानत. मुलाचे वडील म्हणत होते, खुद्द तिच्या काकाने कबूल केलं, आणि वर शांतीसुद्धा केली नाही म्हणाला.

वडील असे हसले की त्यांना ठसका लागला. काका आधी रागावले, मग ओशाळले, मग तेही हसू लागले. हसता हसता वडिलांनी आईला विचारलं, बरं हिचं खरं नक्षत्र कोणतं गं? आमच्याकडे मुलींच्या पत्रिका करायची पद्धत नव्हती. आई म्हणाली, महालक्ष्म्यांत झाली एवढं आठवते.

वडिलांचं हसू तिथेच थांबलं. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या येतात त्या नक्षत्र बघून. पहिल्या दिवशी बसतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, ती ज्येष्ठा. तिसऱ्या दिवशी उठतात, ते मूळ. वडिलांनी विचारलं, लक्ष्म्या उठल्या होत्या की बसलेल्याच होत्या? आईला म्हणे पंगतीला वाढतानाच कळा सुरू झाल्या होत्या आणि पुढे किती वेळ गेला ते तिला सांगता येईना.

‘‘मी काय लक्ष्म्याइकडे पाहून राहिली होती?’’ ती चिडून म्हणाली.

म्हणजे घोटाळा निस्तरायला गेलो आणि खरोखरीचा घोटाळा निघाला. मी मुळावरची असूही शकत होते.

काकूंनी ताबडतोब तोडगा काढला. जेवणाच्या दिवशी झाली असं ठोकून सांगायचं. ज्येष्ठा वाईट ती जेठाला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, आणि हा मुलगा घरात थोरला, म्हणजे जेठ नाहीच. कोणाचं काही बिघडत नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. एका मला सोडून. पुराव्यावाचून फळ्यावर एक आकडा लिहिला तरी सर खडू काढून घेत, आणि इथे माझा जन्मच सोयीच्या दिवशी ढकलला जात होता. मी संतापून पाटी घेतली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पण त्या दिवशी भागाकारही नीट होईनात. कन्हानची गाडी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

तिकडे कन्हानला मुलगा आपल्या वडिलांशी भांडत होता. ते मूळ म्हणजे आकड्याचं मूळ, हे तो परोपरीने सांगत होता आणि वडिलांना ते पटत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, चला, तुम्ही स्वतःच विचारा. आणि एका दुपारी दोघे पुन्हा आमच्या ओसरीवर येऊन बसले. काकूंनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळायला घेतल्या. मला बाहेर बोलावलं.

म्हातारबाबा उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी. नजर वर न करता म्हणाले, ‘‘पोरी, हे मूळ काय हाये ते मले समजून सांग.’’

मी गल्लीतला ताणा दाखवला. म्हटलं, बाबाजी, या धाग्यांचे तुम्ही सारखे पट्टे पाडता. बारा धागे असले तर तिनाचे पट्टे पाडाल, चाराचे पाडाल, सहाचे पाडाल. पण तेरा धागे असले तर? ते म्हणाले, तेराचे सारखे पट्टे होत नाहीत, एक उरतो नाहीतर कमी पडतो. मी म्हटलं, झालं, तेरा ही मूळ संख्या. माझी संख्या अशीच आहे, फक्त तिचा ताणा फार रुंद. दोनशे चौदा कोटींहून जास्त धागे, आणि कसेही पाडा, सारखे पट्टे होतच नाहीत.

त्यांनी मान वर केली. मागाला एवढी रुंद फणी कोण करून देईल, असं त्यांनी विचारलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपला होऊ शकतो. मग मी तीनची कसोटी दाखवली: सगळ्या आकड्यांची बेरीज सेहेचाळीस येते, सेहेचाळिसाला तिनाने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही. तीनशे अकराचा भागाकार त्यांच्यासमोर पाटीवर केला. ते एकेक पायरी बोट ठेवून बघत होते. बाकी पस्तीस उरली. ते म्हणाले, उरलेच पस्तीस. काकांनी मांडीवर थाप मारली, जसं काही त्यांनीच ते उरवले होते. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

बाबाजी म्हणाले, तर हे मूळ निराळं. सगळे हसले. घोटाळा मिटला. वड्या खाऊन झाल्या, सुपारी झाली, त्यांनी टोपी सारखी केली आणि उठता उठता सहज विचारलं, ‘‘अन् तुह्यं नक्षत्र कोणतं वं?’’

काकू आतून खोकल्या. आई दारात येऊन उभी राहिली. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता.

‘‘मले माहीत नाही, बाबाजी,’’ मी म्हटलं. ‘‘महालक्ष्म्यांत झाली. जेवणाच्या दिवशी की उठायच्या दिवशी, कोणालेच आठवत नाही. मूळ असंलबी, नसंलबी.’’

ते पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, आणि ते कोणाला उद्देशून नव्हतंच, की धाकट्या दोघी अजून लहान आहेत, त्यांची माय गेली, आता मलाही काही झालं तर त्यांचं कोण पाहील. ती भीती खरी होती. नक्षत्रावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या माणसाला खोटं ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं. मला त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की लग्न मोडलं तरी चालेल, पण यांना असं बसलेलं बघवत नाही, असं झालं.

त्यांनी पाटीकडे बोट केलं. ‘‘हे तू कसं म्हणते पक्कं, का भाग जात नाही म्हणून?’’

‘‘एकेक तपासून.’’

‘‘अन् तुह्या नक्षत्राचं?’’

‘‘ते आता तपासता येत नाही, बाबाजी.’’

‘‘काहून नाही येत?’’ ते म्हणाले. ‘‘मी जगून दाखवतो ना.’’

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आतल्या बाजूला तोंड करून काकूंना विचारलं, की वड्या उरल्या आहेत का, कारण जगायचं तर आजपासूनच सुरुवात केलेली बरी.

सभेत माझं भाषण झालं. शेवटच्या उमेदवारापर्यंत सगळे तपासले होते, एकाचाही भाग गेला नाही. लग्न झालं. सकाळच्या पॅसेंजरने एम. ए. झालं, डबा पुष्कळदा मामाजीच, म्हणजे सासरेच, बांधून द्यायचे, कारण माझी स्वयंपाकाची आणि गाडीची वेळ कधी जुळलीच नाही. त्यांना साधी सर्दी झाली तरी मी घाबरायची. ते मात्र निवांत असायचे. नाकाला उपरणं लावून म्हणायचे, तपासणी चालू आहे, मध्येच निकाल मागू नये.

दोघी नणंदांपैकी थोरलीचं लग्न त्यांनी लावलं. मग काही वर्षांनी धाकटीचं. तिच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पोरीला नवऱ्याच्या शेजारी बसवलं, आणि मामाजी गर्दीतून वाट काढत, मी वाढपाचं बघत होते तिथे आले. डोळे पाण्याने भरलेले. मला वाटलं, पोर सासरी जाणार म्हणून रडतात.

‘‘दोघीचंबी झालं,’’ ते म्हणाले. ‘‘मी अजून हाओ. आता निकाल लिही वं तुह्या पाटीवर.’’

माझ्या दोन्ही हातांत बुंदीचं ताट होतं. ते तसंच धरून मी त्यांच्यासमोर हमसाहमशी रडले.